काचेतला नत्थू

मोहगाव, ता. सावनेर
११ फेब्रुवारी १९८२

चि. अरुंधतीस,
बळीराममामाचे आशीर्वाद. तुझ्या आईला माझा दंडवत प्रणाम सांग.

परवा मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं विचारायला मला सोपं जाईल. पहाटेचं नामस्मरण आटोपून मी पहिली एसटी धरली. नत्थूच्या गोळ्या सावनेरात मिळाल्या नाहीत, त्यासाठी नागपुरात सदरला येणं भाग होतं. पोचलो तेव्हा दुकानं उघडायची होती. वाटलं, तू दवाखान्यात लवकर येतेस, भेटून जावं. नत्थूचं डोकं उघडलं त्या दिवसांत तू आमच्यासाठी घरून डबा आणायचीस, तेव्हा एकदा म्हणाली होतीस की तुझी खोली मागे, पाण्याच्या टाकीजवळ आहे. तिकडे गेलो. दार आतून लावलेलं होतं. खिडकीच्या खालच्या काचेला रंग फासला होता, वरची साधी होती. मी टाकीच्या ओट्यावर चढलो आणि आत पाहिलं. भल्या माणसाने असं पाहू नये, हे मला कळतं.

तू पांढऱ्या कोटात होतीस. तुझ्यापुढे लोणच्याच्या बरणीएवढी मोठी काचेची बरणी होती. तिच्यात तू काचेच्या चपट्या डब्या एकावर एक रचल्यास. वर मेणबत्ती उभी केलीस, पेटवलीस आणि झाकण लावून कडेने काहीतरी तेलकट फासलंस. मग हात मागे घेऊन पाहत राहिलीस. ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि विझली. तेव्हाच तू बरणी उचललीस आणि कपाटात ठेवलीस. बरणीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात 'नत्थू' लिहिलेलं होतं.

मी खाली उतरलो, गोळ्या घेतल्या आणि घरी आलो. दार वाजवायला हात उचलला गेला नाही.

तुला ठाऊक आहे, आपल्या पंथात परमेश्वराशिवाय दुसऱ्या कशापुढे दिवा नाही. उतारे, भारणं, नावाने काही पेटवणं आणि विझवणं, या गोष्टींना आमच्या घरात थारा नाही. तू शिकलेली आहेस. तू असं काही करशील असं मन म्हणत नाही. पण डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं म्हणू?

म्हणून सरळ विचारतो. त्या डब्यांत माझ्या भावाचं काय आहे? ऑपरेशननंतर मोठे डॉक्टर म्हणाले होते, 'निघालं तेवढं काढलं, थोडं राहिलं.' जे काढलं ते टाकून दिलं असेल असं मी धरून चाललो होतो. ते ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं?

एक मार्चपासून नत्थूला डोक्याला किरणांचा शेक द्यायला आणायचं ठरलं आहे. त्याच्या आत उत्तर पाठव. नत्थू बरा आहे. रविवारी सावनेरच्या बाजारात आपल्या संत्र्याच्या ढिगाशी बसून आला. गिऱ्हाइकांची टर उडवायचं अजून विसरलेला नाही.

तुझा मामा,
बळीराम


नागपूर
१७ फेब्रुवारी १९८२

ती. मामांस,
दंडवत प्रणाम.

दार वाजवलं असतंत तर चहा दिला असता, आणि हे सगळं समोर बसून दाखवलं असतं. आता लिहून समजावते.

मेणबत्तीचं आधी. शरीरातल्या पेशी काचेत जिवंत ठेवायच्या तर त्यांना आपल्या उच्छ्वासात असतो तो वायू थोडा जास्त लागतो. परदेशात त्यासाठी यंत्रं आहेत. आमच्याकडे नाहीत. बंद बरणीत मेणबत्ती जळली की तो वायू तयार होतो आणि जळायला हवा उरली नाही की ती आपोआप विझते. मी पाहत उभी राहते ती एवढ्याचसाठी, की झाकणातून हवा आत शिरत नाही ना. तो विधी नाही, मामा. गरिबांची युक्ती आहे.

आता डब्यांचं. नत्थूमामांच्या मेंदूतून जी गाठ काढली, तिचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आमच्याकडे आला. त्याच्या पेशी आम्ही सुट्या करतो आणि समुद्री शेवाळापासून केलेल्या मऊ खळीत पसरतो. बहुतेक मरतात. हजारोंमधली एखादीच टिकते आणि तिच्यापासून पुंजका वाढतो. आमच्या डॉक्टरांचं आणि बाहेरच्या काही संशोधकांचं म्हणणं असं आहे, की गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्या मूळ असतात, बाकीच्या त्यांच्यापासून होतात. अजून हे कोणी पक्कं दाखवलेलं नाही. तुमच्या रानातला कुंदा आठवा. वरून कितीही खुरपला तरी आत मुळी राहिली की महिन्याभरात पुन्हा हिरवा. औषधं आजवर पानांवर मारली गेली असतील, मुळी वेगळीच असेल. ती ओळखता आली तर तिच्यावर कोणतं औषध चालतं हे पुढे कधीतरी कळेल. नत्थूमामांना याचा उपयोग होईल असं मी म्हणत नाही. खोटी आशा दाखवायची नाही.

पेशींना वाढायला पोषक पाणी लागतं, ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. तुम्ही पाहिलंत ते त्याच कामातलं होतं. परवानगी रीतसर घेतलेली आहे.

दुसऱ्या बरण्यांवर नंबर असतो. या बरणीवर नंबर घालायला माझा हात धजला नाही, म्हणून नाव लिहिलं. तेच तुमच्या नजरेला पडावं, याचं वाईट वाटतं.

शेकाची तारीख मात्र चुकवू नका. आत जे राहिलं आहे ते थोपवायला आज दुसरा उपाय नाही. पहिल्या दिवशी मी स्वतः सोबत राहीन.

तुमची,
अरुंधती


मोहगाव
२४ फेब्रुवारी १९८२

चि. अरुंधतीस आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मेणबत्तीचं पटलं. बाकीचं वाचून झोप गेली.

कुंद्याचा दाखला तू दिलास, तो मला चांगला समजतो. काळ्या रानातला कुंदा काढायचा तर माणूस कंबरेएवढं खणतो आणि एकूण एक मुळी वेचतो. मुळी दिसत असून जो ठेवतो, तो एकतर आळशी असतो, नाही तर त्याला ते रान पिकू द्यायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांना मुळी कशी असते हे ठाऊक आहे. तिचाच शोध चालला आहे म्हणतेस. मग थोडी का ठेवली? पुढच्या वेळी पुन्हा तुकडा मिळावा म्हणून? हे विचारू नये हे कळतं, पण विचारलं नाही तर डोक्यातून जात नाही.

परवानगीचं. डोकं उघडायला सही मी केली. तेवढीच केली. त्यानंतर मी बाहेर बाकावर नामस्मरण करत बसलो होतो, मला कोणी काही विचारलं नाही. नत्थूच्या बायकोला, कौसल्येला विचारलं, ती नाही म्हणते. मग रीतसर म्हणजे कोणाकडून?

आणि तिसरं तुझ्या पत्रात नव्हतं. ते मला बाजारात कळलं. तुमच्याकडे फरशी पुसणारा धोंडबा आमच्या शेजारच्या गावचा आहे. मला पाहून जवळ आला.

"बळीरामजी, तुमच्या नत्थूले आमी बराबर खाऊ घालून राहिलो, फिकीर नोका करू."

"काय खाऊ घालता गा?"

"बंबईवून बाटली येते बर्फात. वासराच्या रक्ताचं पानी. माह्यापेक्षा त्याचा खुराक भारी आहे."

तो हसला. आजूबाजूचेही हसले. मी पिशवी उचलून निघून आलो.

अरुंधती, आमच्या घरात कोंबडीचं अंडं शिवत नाहीत. नत्थूने उभ्या जन्मात मुंगी मुद्दाम मारली नाही. त्याच्या शरीराचा भाग काचेत जिवंत आहे आणि त्याला तुम्ही वासराचं रक्त पाजता. तू 'पोषक पाणी' लिहिलंस. हे न कळून लिहिलं नसशील.

आपला पंथ जीव वेगळा आणि प्रपंच वेगळा मानतो. देह हा प्रपंच, तो मातीचा आहे, मातीत जातो. म्हणूनच आपण देह जाळत नाही, भुईच्या स्वाधीन करतो. पण मातीतलं काही काचेत घालून वाढवलं, तर ते जीव की प्रपंच? रोज पहाटे मला हाच प्रश्न पडतो आणि नामात मन लागत नाही.

तेव्हा माझं ठरलं आहे. त्या डब्या माझ्या हातात दे. मी त्या आपल्या मळ्यात मातीत ठेवीन. मग नत्थूला शेकाला आणीन. त्याआधी आणणार नाही.

बळीराम


मोहगाव
१ मार्च

अरुंधतीले नत्थूमामाचा दंडवत.

हे पत्र कौसल्याच्या हातानं गुपचूप टाकून राहिलो. दादानं तुले काय लिहिलं ते मले त्याच्या तोंडाकडे पाहूनच समजलं. आज शेकाची तारीख होती अन तो सकाळपासून गोठ्यात बसून आहे. मी इचारलं, जाचं नाही काय? तं म्हणे, उन्हाचं काहून जाचं.

तू मले ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोनदा इचारलं होतं. वासराचंही सांगितलं होतं. मी हो म्हणलं होतं, अन सहीही मीच केली. आताही हो म्हणतो. पण दादाले सांगजो नोको. त्याले समजलं तं तो इचारन, काहून देलं? मंग मले डॉक्टरनं काय सांगितलं तेही सांगा लागन. ते पुन्हा येते म्हणून. ते त्याले मी सांगू शकत नाही. बाप गेल्यावर त्यानंच मले लहानाचं मोठं केलं.

इकडे दोनदा झटका येऊन गेला. एकदा हिरीवर, एकदा चुलीपाशी. कौसल्याले माहीत आहे, दादाले नाही. शब्द बी कुठीकुठी पळून जाते. काल बायकोले म्हणलं, ते आण, ज्यानं पाणी वर येते ते. दोर आठवलाच नाही. ती रडाले लागली. मी म्हणलं, तुह्यं नाव आठवते तोवर फिकीर नोको करू वं.

दादाच्या शब्दाबाहेर मी कधी पाय टाकला नाही, आताही टाकणार नाही. तो आणन तवा येईन. पण काच त्याले देजो नोको. ती माही वस्तू आहे.

नत्थू


नागपूर
५ मार्च १९८२

ती. मामांस,
दंडवत प्रणाम.

रक्ताच्या पाण्याचं मी लपवलं. कळून लपवलं. तुम्ही काय म्हणाल हे ठाऊक होतं म्हणून 'पोषक' हा गुळगुळीत शब्द शोधला. तुमची माफी मागते. ते पाणी कत्तलखान्यातून येतं, त्यावाचून पेशी जगत नाहीत. मला ते आवडतं असं नाही. पण वापरते.

गाठ थोडी राहिली तिचं कारण वेगळं आहे. डाव्या बाजूला जिथून आपलं बोलणं चालतं, तिथे ती चिकटलेली होती. तिथे सुरी लावली असती तर नत्थूमामा घरी आले असते, पण बोलले नसते. सर हात थांबवून बराच वेळ उभे राहिले असं नर्स सांगत होती. दुसरा तुकडा मिळावा म्हणून कोणी काही ठेवलेलं नाही. एवढ्यावर तरी विश्वास ठेवा.

परवानगी कोणी दिली ते मी सांगू शकत नाही. मी शब्द दिलेला आहे. डब्या मला आज टाकून देता येतील. नोकरीची पर्वा न करता मी टाकेन, कारण शेकापुढे मला त्यांची किंमत नाही. पण ज्याने दिलं त्यानेच 'देऊ नको' म्हटलं आहे.

आणखी एक सांगते, तुम्ही मला वाईट म्हटलं तरी चालेल. पुंजके वाढलेले पहिल्यांदा भिंगाखाली दिसले तेव्हा मला आनंद झाला. आमच्या खोलीत आजवर कोणाचे इतके वाढले नव्हते. मग ध्यानात आलं की जे काचेत इतक्या जोराने वाढतं आहे, ते डोक्यातही तसंच वाढत असणार. 

माझ्यावर राग धरा. हवं तर आईकडे माझी तक्रार करा. पण शेक लांबवू नका. सोमवारी आणा. मी यंत्राच्या खोलीवाल्यांना सांगून ठेवते.

अरुंधती


मोहगाव
१४ मार्च १९८२

अरुंधती,

'ज्याने दिलं त्याने' असं मोघम लिहिलंस, तेव्हा मला उमगलं. डोकं उघडलं तेव्हा घरची माणसं दोनच होतो. मी बाहेर बाकावर आणि कौसल्या पलंगाजवळ. मी तिला समोर बसवून विचारलं. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी मले चोर ठरवून राहिले काय?" मी म्हणालो, "चोर नाही म्हणत, पण पत्र टाकाले तूच जात असते ना?" पोस्टमन सांगत होता की पहिल्या तारखेला तिने नागपूरचं पाकीट टाकलं. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून मौद्याला माहेरी निघून गेली.

आता घरात नत्थू आणि मी. तो माझ्याशी बोलत नाही. परवा बैल जुंपताना तो जू हातात धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, "हे कोठी ठेवतेत?" मी थट्टा समजलो. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

माझ्या भोवतीचे सगळे काहीतरी जाणतात आणि माझ्यापासून ठेवतात, असं वाटत राहतं. तू, कौसल्या, धोंडबा, डॉक्टर. मी आता कोणावर भरवसा ठेवू, ते तूच सांग.

काच मिळाल्याशिवाय मी येणार नाही.

बळीराम


नागपूर
१९ मार्च १९८२

ती. मामांस,
दंडवत प्रणाम.

तुमचं पत्र मिळताच मी मौद्याला जाऊन आले. मामींनी काहीही दिलेलं नाही, कशावर सही केलेली नाही. हे मी आईची शपथ घेऊन लिहिते. त्या ओसरीवर बसून होत्या. मला म्हणाल्या, "त्यायच्या जेवणाचं काय होत असन वं?" बाकी काही विचारलं नाही.

मामा, तुम्ही मला विचारलंत, मामींना विचारलंत, बाजारात धोंडबाला विचारलंत, पोस्टमनलासुद्धा विचारलंत. ज्याचं डोकं आहे त्याला विचारलंत का?

नत्थूमामांना जू ओळखता आलं नाही, याचा अर्थ काय तो मी लिहीत नाही. तुम्हाला कळला आहे.

तीस तारखेपासून मी तीन आठवडे मुंबईला प्रशिक्षणाला जाते आहे. तिथला पत्ता मागे लिहिला आहे. मी नसले तरी शेक थांबत नाही. नुसतं नाव सांगा, ते घेतील.

अरुंधती


नागपूर
२ एप्रिल १९८२

चि. अरुंधतीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्याच दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. तुझ्या प्रश्नाचा मला आधी राग आला. नत्थूला काय विचारायचं, तो लहान आहे, आजारी आहे, असं मी मनाशी म्हणत राहिलो. तो एक्केचाळीस वर्षांचा आहे हे मी विसरलो होतो.

चार दिवसांपूर्वी तो मळ्यात संत्र्याच्या झाडाखाली वाळलेल्या फांद्या गोळा करत होता. मी जाऊन शेजारी बसलो. काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्याचे शब्द मला बदलायचे नाहीत.

मी म्हणालो, "नत्थू, तुह्या डोक्यातलं ते त्यायले कोणं देलं?"

"मीनं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू देऊ देलं असतं काय?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून तो फांद्या मोडत राहिला.

मी म्हणालो, "तुले माहीत आहे, ते वासराचं रक्त पाजून राहिले तुले?"

तो थांबला. "मले? मले तं कौसल्या ज्वारीची भाकर देत होती. तिले बी तू हाकलून देलं."

 मग तो माझ्याकडे वळून बसला. मधे शब्द अडत होते, हाताने हवेत शोधत होता, पण थांबला नाही.

"दादा, ते मी नोहो. ते मले खाऊन राहिलं आहे. तू माह्या वैऱ्याले भाऊ समजून परत मांगून राहिला अन मले घरी बसवून ठेवलं."

"मंग त्या वैऱ्याले ते पोसून कायले राहिले?"

"माराले. माह्या डोक्यात औषध मारून पाहिलं, तं त्याच्यासंगं मीच मरन. तिथं त्याले एकट्याले धरून ठेवलं आहे. कशानं मरते ते पाह्यतील. मले नाही तं दुसऱ्या कोणाले कामी येईन."

"अन तू?"

"मह्यं काय? ते वापस येते म्हणे. शेक देला तं उशिरा येते." आणि हातातली फांदी खाली ठेवून, "डॉक्टरनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं. तुले मीच सांगू नोका म्हणलं होतं."

 खालच्या पाटातून पाणी जात होतं. मी पाटाकडे पाहत बसलो. पंधरा वर्षांचा असताना तो तापाने फणफणला होता, तेव्हा मी त्याला खांद्यावर घेऊन याच पाटावरून सावनेरला नेलं होतं. तेव्हाही त्याला विचारलं नव्हतं. तेव्हा विचारायचं काही नव्हतंच. मी त्याच चालीने आजवर चालत आलो.

मी तुला विचारलं होतं, काचेत आहे तो जीव की प्रपंच. आता मला वाटतं, मी प्रश्नच चुकीच्या जागी टाकला. जीव माझ्याशेजारी बसून फांद्या मोडत होता, आणि मी मातीच्या एका कणाशी भांडून त्याला अडवून ठेवलं होतं. वासराच्या रक्ताची मला अजून शिसारी येते. ती जाईल असं वाटत नाही, आणि ती घालवायचा प्रयत्नही मी करणार नाही. परमेश्वराने विचारलं तर सांगेन की मला ते आवडलं नाही. पण ते नत्थूचं देणं आहे. त्याने विचार करून, सगळं ऐकून दिलं आहे. दुसऱ्याने दिलेलं दान आपण मागे घेऊ शकत नाही, मग देणारा आपला भाऊ असला तरी.

नत्थूला मी एकच विचारलं, "शेकाले येशील?"

तो म्हणाला, "महिना झाला, तयारच होतो. पिशवीतली लुगडी-धोतरं बी कौसल्यानं बांधून ठेवली होती."

दुसऱ्या दिवशी मौद्याला गेलो. कौसल्येच्या आईने मला पाणी दिलं पण बस म्हटलं नाही. ते बरोबरच होतं. कौसल्या दाराआड होती. मी बाहेरूनच म्हणालो, "बाई, मी चुकलो. नत्थूले नागपूरले नेतो, तुह्याशिवाय त्याचं होणार नाही." आतून भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. जरा वेळाने ती पिशवी घेऊन बाहेर आली. आम्ही गाडीत बसलो. मौदा सुटल्यावर म्हणाली, "भाऊजी, त्यायले झटके येऊन राहिले. मी सांगितलं नाही. माहीही चूक आहे." 

घरून नत्थूला घेऊन आम्ही इथे आलो, तेव्हा तुझ्या ओळखीच्या ताईंनी लगेच दाखल करून घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी नवीन फोटो काढला आणि मला वेगळं बोलावून सांगितलं की दोन महिन्यांपूर्वीपेक्षा पसरलं आहे, पण शेक देण्यासारखं आहे. 'उशीर का केला?' असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. मीच सांगितलं की मी आणलं नाही. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. हाच तो माणूस, ज्याच्यावर मी मुळी ठेवल्याचा आळ घेतला होता. तो आळ माझ्या मनातून आज गेला. तोंडाने मी त्यांना तो कधी सांगितला नव्हता, त्यामुळे त्याची क्षमा कशी मागायची ते मला समजलं नाही. तू परत आलीस की माझ्या वतीने सांग.

आज सकाळी नत्थूचं डोकं पुन्हा भादरलं आणि त्यावर जांभळ्या शाईने रेघा आखल्या. आरशात पाहून तो कौसल्येला म्हणाला, "पाह्य वं, माह्या डोक्यावर यायनं वावरावानी धुरे टाकले. आता वाटण्या करते काय?" ती हसली. फार दिवसांनी हसली.

आत न्यायला माणूस आला तेव्हा मी नत्थूचा हात धरला. म्हणालो, "नत्थू, ती काच मी मांगत नाही. ती तुही आहे, तू देली. तिथंच राहू दे."

तो काहीतरी सांगायला पाहत होता. शब्द ओठापर्यंत आला, पण बाहेर पडला नाही. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने मान डोलावली, माझी तिरपी झालेली टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली आणि त्या माणसाबरोबर चालत आत गेला.

दार लागलं आहे. पहिला शेक चालू आहे.

तुझा मामा,
बळीराम